समुद्रात गेलेला डबा

"दोराचं मी बोलतच न्हाय. दोर तुझा, तुझ्या मैत्रिणीचा, त्याचं काय बी करा. मी डब्याचं बोलतेय," कस्तुराबाई म्हणाल्या. "डबा नेलास कशाला?"

"तुम्हीच भरून दिलात, आत्या."

"खाऊन परत आणायला भरून दिला. समुद्राला वाहायला न्हाय."

दैवशालानं तव्यावरची भाकरी उलटली. मंगळवारची सकाळ होती. सोमवारी पहाटे ती कळंबजवळच्या वाशीच्या स्टँडवर उतरून घरी आली, तेव्हापासून हे चाललं होतं. आल्या आल्या सासूबाईंनी पिशवी उघडून पाहिली होती आणि पहिला प्रश्न विचारला होता, डबा कुठाय. दुसरा प्रश्न अजून आला नव्हता.

"एवढं काय त्या डब्यात, आई," कुलदीप चहा घेत म्हणाला. "दुसरा आणू."

"दुसऱ्यावर माझ्या भावाचं नाव असंल का?"

डबा पितळेचा होता, कडीचा, दोन शेर धान्य मावेल एवढा. कस्तुराबाईंचं लग्न झालं तेव्हा मुरुमच्या बाजारातून त्यांच्या थोरल्या भावानं, शरणप्पानं, तो घेतला होता आणि तिथंच बसून त्यावर नाव घालून घेतलं होतं. 'चि. कस्तुराबाईस बंधू शरणप्पाकडून, मुरुम.' शरणप्पा जाऊन नऊ वर्षं झाली होती. डबा वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली यायचा, येळवशीला, मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या सणाला. एरवी चिंच लावून घासून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा.

"मी म्हणलं होतं स्टीलचा द्या," दैवशाला म्हणाली.

"स्टीलमध्ये भज्जी वास मारती."

"वास मारली असती तर मारली असती."

"बघा, उलटं बोलणं बघा," कस्तुराबाईंनी ओट्याकडे पाठ करून ज्ञानोबांना सांगितलं. सासरे, ज्ञानोबा, दारात पेपर वाचत होते. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. गर्दीत कोण काय बोलतंय ते ऐकू न येण्याची कला त्यांना तिथंच साधली होती. त्यांनी पान उलटलं.

"समुद्र आपला न्हाय," एवढंच ते म्हणाले. कोणाच्या बाजूनं म्हणाले ते कळलं नाही.

दैवशालाला राग डब्याचा नव्हता. डबा गेला याचं तिलाही वाईट वाटत होतं. तिला राग होता तो याचा, की आपण दोन टप्पे चढून, सहा तास एका कपारीत बसून, उपाशी, जिवंत परत आलो आणि या घरात डब्यापलीकडे एकानंही काही विचारलं नाही. नाही म्हणायला शिवांजलीनं विचारलं होतं. ती पाचवीत होती. "मम्मी, तिथं संडासला कुठं जायचं?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना दैवशालाला इतकं बरं वाटलं होतं की तिनं ते पाच मिनिटं सविस्तर दिलं.

*

दैवशाला येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवरची. तिच्या वडिलांची, गोरोबांची, यारी होती. विहीर खोदताना खालचा दगड वर काढायचं ते यंत्र, लोखंडी, इंजिनावर चालणारं, दोराला मोठी बादली लावलेलं. गोरोबा ती यारी घेऊन कळंब, वाशी, भूम इकडच्या शेतांतून फिरायचे. दैवशाला सुट्टीत त्यांच्याबरोबर असायची. अंगानं हलकी आणि भीती नसलेली. काळ्या पाषाणात साठ फूट खाली झरा कुठून फुटतोय ते बघायला मोठ्या माणसाला उतरवण्यापेक्षा हिला उतरवणं सोपं जायचं. आई भांडायची, वडील ऐकायचे नाहीत. पुढं आईचं ऐकलं, पण तोवर पोरीला दगडावर पाय कुठं ठेवायचा ते कळून गेलं होतं.

गोरोबांचा एक नियम होता. दोर ओलांडायचा नाही. जमिनीवर पडलेला असला तरी वळसा घालून जायचं. ज्याच्यावर माणूस खाली सोडतो त्याच्यावरून पाय टाकायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी वाशीत पुराच्या वेळी बचाव कसा करायचा याचं सरकारी शिबिर झालं. बायकांची संख्या भरायला म्हणून दैवशालाचं नाव गेलं. घरी तिचा शिवणक्लास होता, आठ-दहा पोरी यायच्या. त्यांना सुट्टी देऊन ती तीन दिवस गेली. दोर शिकवायला कळंबची मिनाज आली होती. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, पुण्यात राहून गिर्यारोहण शिकवणारी, वडील दादामियाँ कळंबला सायकली दुरुस्त करायचे. पहिल्या दिवशी तिनं मैदानात दोर पसरून ठेवला आणि चाळीस माणसं त्याच्यावरून इकडून तिकडं गेली. एक बाई मात्र प्रत्येक वेळी वळसा घालून जात होती. जेवणाच्या सुट्टीत मिनाज तिच्याजवळ येऊन बसली.

"ताई, दोरावर पाय द्यायचा नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वडलांनी. का, तुमच्यात पण असतं का?"

असतं, मिनाज म्हणाली. तिथून सुरू झालं.

पहिल्यांदा येडशीच्या रामलिंगाकडचे कातळ. मग महिन्यातून एखादा रविवार सह्याद्रीतल्या कुठल्यातरी कड्यावर. घरात कुलदीप सुरुवातीला गमतीनं घ्यायचा. वाशीच्या बाजारात त्याचं मोटारी आणि पाइपचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "आमच्याकडं मोटर विहिरीत पडली तर माणूस बोलवायची गरज नाही, घरातच आहे." माणसं हसायची. दैवशालाही हसायची. पण दोन वर्षं तोच विनोद ऐकल्यावर तिनं हसणं बंद केलं, आणि तिनं हसणं बंद केल्यावर तो विनोद कुलदीपला टोचायला लागला.

*

समुद्रावरच्या कड्याचं मिनाजनं उन्हाळ्यापासून डोक्यात घेतलं होतं. कोकणात, शेवटच्या गावापासून दीड तास चालत. रस्ता नाही, माणूस नाही. काळा कडा सरळ पाण्यात उतरलेला. ओहोटीला पायथ्याशी खडकांची एक पट्टी उघडी पडते, तिच्यावरून जायचं. कडा एका दोरात संपत नाही, म्हणून टप्पे करायचे: एकीनं पुढं चढायचं, दगडाच्या फटीत खिळे आणि लोखंडी पाचरी अडकवत जायचं, दोर संपत आला की कपार बघून स्वतःला बांधून घ्यायचं आणि मग दुसरीला वर घ्यायचं. असे चार टप्पे. पहिले दोन मिनाज पुढं जाणार होती. तिसरा दैवशालाचा.

तिसऱ्या टप्प्याचं तिला काय वाटत होतं हे तिनं कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. विहिरीत तिला नेहमी वरून सोडलं होतं. दोर दुसऱ्याच्या हातात, किती सोडायचा, कधी ओढायचा, वरची माणसं ठरवणार. कड्यांवरही ती आजवर मिनाजच्या मागून गेली होती, म्हणजे दोर वरूनच. पुढं जाणाऱ्या माणसाचा दोर त्याच्या पायाखाली असतो. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा ती तसं जाणार होती. मिनाज म्हणाली होती, तू तयार आहेस. आणि एक तारखेपासून मिनाज उत्तराखंडात नोकरीवर जाणार होती, दोन वर्षांच्या करारानं. म्हणजे जे व्हायचं ते डिसेंबरातच.

मिनाजनं आधी येळवशीच्या आधीचा रविवार काढला होता. कस्तुराबाईंनी ऐकूनच घेतलं नाही. येळवस म्हणजे दसरा-दिवाळीपेक्षा मोठी, आठ दिवस आधीपासून घर कामाला लागलेलं. शेंगदाणे भाजायचे, सगळ्या डाळी निवडायच्या, अंबिलीचा माठ चुन्यानं रंगवायचा. "अवस होऊ दे, मग जा कुठं जायचं तिथं," त्या म्हणाल्या. रास्त होतं. दैवशालानं मिनाजला सांगितलं, मिनाजनं तारीख पुढं ढकलली. शुक्रवारी अमावस्या. शुक्रवारी दुपारी शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली, पन्नास माणसं जेवली, दैवशालानं डोक्यावरून अंबील नेली, माठ परत आणला, भांडी घासली आणि संध्याकाळच्या गाडीला बसली. निघताना कस्तुराबाईंनी पितळी डबा पुढं केला. उरलेली भज्जी, म्हणजे सगळ्या डाळी-भाज्यांची एकत्र भाजी, बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी. "तुझी मैत्रीण बी खाईल," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं मन मोठं झालेलं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता दोघी पायथ्याशी होत्या. पाणी लांब गेलेलं, खडक कोरडे. दोन पिशव्या होत्या. एकीत चढायचं सामान, दुसरीत जादा दोर, वरच्या दोन टप्प्यांना लागणाऱ्या मोठ्या पाचरी, पाणी आणि डबा. पहिला टप्पा झाला की ही दुसरी पिशवी वेगळ्या लांब दोरानं वर ओढून घ्यायची असं ठरलं होतं.

पहिला टप्पा झाला. मिनाज म्हणाली, "ओढायची का?"

दैवशाला म्हणाली, "राहू दे. दुसरा टप्पा झाल्यावर एकदमच ओढू. दोनदा कशाला."

यारीवर तेच करायचे. पहार, घमेली, दोर, जेवणाचं गाठोडंसुद्धा, सगळं खालच्या कपारीत ठेवायचं आणि काम उरकलं की एका फेरीत वर. विहिरीचं पाणी एकदा उपसलं की ते वर यायला रात्र जाते. ते तळाशी असतं आणि माणसाच्या नजरेसमोर बोटाबोटानं चढतं. मिनाजनं भरतीची वेळ मोबाइलवर पाहिली होती. ती कळंबची, ही येरमाळ्याची. अवसेनंतरच्या दोन दिवसांत समुद्र किती चढतो हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं, आणि ज्या घराण्यात अमावस्या म्हणजे खोप, भज्जी आणि अंबील, तिथं ते ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

दुसऱ्या टप्प्याच्या कपारीत दैवशाला पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. तिनं स्वतःला बांधून घेतलं, खाली वाकून पाहिलं. खडकांची पट्टी नव्हती. जिथं पिशवी ठेवली होती तिथं पाणी दगडावर आदळून वीस-पंचवीस फूट वर उडत होतं आणि त्याचा आवाज कड्यातून अंगात शिरत होता.

मिनाजनं पिशवीचा दोर ओढला, तो मोकळाच वर आला. मग मिनाज म्हणाली, "पाचरी त्यात होत्या, ताई."

"डबा पण."

तिसरा टप्पा त्यांच्या डोक्यावर होता. एक रुंद फट, सरळ वर गेलेली, मध्ये एका ठिकाणी उजवीकडे वळलेली. मोठ्या पाचरींशिवाय तिच्यात पुढं जाणं म्हणजे पडलं तर थेट खाली. पाणी उतरेपर्यंत उतरताही येत नव्हतं. दोघी त्या कपारीत साडेचारपर्यंत बसून राहिल्या, पाय खाली सोडून. सहा तास दैवशाला ती फट बघत होती. पहिला पाय कुठं, डावा हात कुठं, वळणावर आधी काय. तिला ती पाठ झाली. तिच्या खाली गरुडासारखे दोन पक्षी घिरट्या घालत होते, त्यांची पाठ दिसत होती. उडणाऱ्या पक्ष्याची पाठ तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितली. हे तिला घरी येऊन सांगायचं होतं.

अंधार पडता पडता दोघी गावात पोचल्या तेव्हा ओटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं विचारलं, "घाटावरच्या काय?" सगळं ऐकल्यावर तो हसला नाही. म्हणाला, "अवसेच्या उधाणात कड्याखाली आमचं कुत्रं पण जात नाही. अष्टमीला या. तेव्हा भांग असतो, पाणी चढत पण नाही फार, उतरत पण नाही. दिवसभर खडकावर बसून जेवा."

अष्टमी पुढच्या रविवारी होती. मिनाजनं तिथंच ठरवलं. "शेवटची संधी, ताई. मी दुसऱ्या पाचरी आणते."

*

आणि पुढच्या रविवारी हर्षालीला बघायला पाहुणे येणार होते.

ते दैवशालाला सोमवारी संध्याकाळी कळलं. कुलदीपनं जेवताना सांगितलं, सहज, वरण वाढून घेता घेता. बार्शीकडचे लोक आहेत, मुलगा बँकेत, आई-वडील आणि मामा येणार. हर्षाली ही त्याची धाकटी बहीण, बी.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची, दोन स्थळं हातची गेलेली.

"ह्याच रविवारी?" दैवशालानं विचारलं.

"त्यांना हाच जमतो. आपण मुलीकडचे, आपण काय सांगणार?"

"माझं जायचं ठरलंय."

"परत?" कुलदीप खरोखरच चकित झाला. "आत्ताच तर जाऊन आलीस."

"काम अर्धं राहिलं."

"काम," कस्तुराबाई म्हणाल्या. "त्याला काम म्हणती ही."

मंगळवारी डब्यावरून भांडण झालं ते खरं तर यावरूनच होतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. रविवारचं नाव कोणी काढायचं नाही, म्हणून डबा.

कुलदीप दुकानाला निघताना दैवशाला त्याच्यामागं अंगणात गेली.

"मी शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं करून ठेवते. चिवडा, लाडू, पोह्यांची तयारी. आत्या आणि हर्षाली..."

"अगं, पोह्यांचा प्रश्न नाहीये." तो गाडीला किक मारायचा थांबला. चिडलेला नव्हता. तो फारसा चिडत नसे, त्यामुळं त्याच्याशी भांडणही नीट करता यायचं नाही. "लोक विचारतात, वहिनी कुठाय. काय सांगू? समुद्रावर लटकलीय? दोन स्थळं गेलीत. आता तिसऱ्यांना कळलं की ह्यांची सून असली आहे, तर ते म्हणणार, ह्या घरात बायकांना वळण नाही. तुझं एक दिवस राहिलं तर काय बिघडतं? डोंगर कुठं पळून चाललाय?"

"डोंगर नाही पळत. मिनाज चाललीय."

"दुसरी मिळेल की."

"आईचा डबा पण दुसरा मिळेल," दैवशाला म्हणाली.

कुलदीपनं किक मारली.

बुधवारी दुपारी मिनाजचा फोन आला. त्या म्हाताऱ्या कोळ्याचा तिला फोन आला होता. त्याच्या मुलाला खडकांत पिशवी सापडली होती, फाटलेली. दोराचा गुंता झालेला, पाचरी गेलेल्या. पण डबा होता. झाकण नव्हतं आणि एका बाजूनं चेपलेला होता. "नाव वाचून दाखवलं त्यानं," मिनाज म्हणाली. "कस्तुराबाईस बंधू शरणप्पाकडून. म्हणाला, कोणीतरी जपलेलं भांडं दिसतंय, म्हणून ठेवलंय."

दैवशाला शिलाई मशीनवरून उठली आणि जवळजवळ पळत स्वयंपाकघरात गेली. तिला वाटलं, आता सुटलं सगळं.

"आत्या, डबा सापडला."

कस्तुराबाई लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. डोळे एकदम भरून आले, आणि त्यांनी पदरानं नाक पुसलं. "नाव हाय का त्याच्यावर?"

"आहे. पूर्ण वाचता येतं."

"माझ्या दादाचं नाव समुद्राला बी पुसता आलं न्हाय," त्या म्हणाल्या. दैवशाला वाट बघत उभी राहिली. तिला वाटलं, आता त्या म्हणतील, जा, घेऊन ये. ते वाक्य तिला त्यांच्या तोंडावर दिसतही होतं.

"एसटीच्या पार्सलनं पाठवायला सांग," कस्तुराबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसूण घेतला. "तुझ्या मामांच्या वळखीचे कंडक्टर हायतच. नीट येईल."

दारातून ज्ञानोबांचा आवाज आला, "पार्सल सोलापूरला बदलावं लागंल."

*

गुरुवारी संध्याकाळी हर्षाली ब्लाउजचं माप बघायला आली. रविवारसाठी मोरपंखी साडी काढली होती, तिच्यावरचा ब्लाउज दैवशाला शिवत होती. हुक लावायचे राहिले होते. हर्षाली आरशासमोर उभी राहून खांदे वर-खाली करत होती.

"वहिनी, दंडात घट्ट नाही ना वाटत?"

"वाकून बघ. पोहे द्यायला वाकावं लागेल."

"तुम्ही चिडलाय."

"तुझ्यावर नाही."

कपडे बदलून, ब्लाउज वहिनीच्या हातात देऊन हर्षाली पाटावर बसली. ती वाईट पोरगी नव्हती; स्वतःच्या चिंतेत असायची, आणि दोन वेळा नकार आल्यावर कोण नसणार. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला तर पुढचाच रविवार बरा वाटत होता. माझा चेहरा पण बरा झाला असता तोवर. हा फोड बघा ना. पण दादा म्हणाला, हाच."

दैवशालाच्या हातात सुई होती. "पुढचा कुठला?"

"त्या लोकांनी दोन रविवार दिले होते ना. हा, नाहीतर पुढचा. मुलाच्या मामांना पुढचा जास्त सोयीचा होता. दादानं हाच कळवला." मग वहिनीच्या तोंडाकडे बघून ती थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कधी कळवला?"

"सोमवारी. तुम्ही आलात ना पहाटे, झोपला होतात तेव्हा. मला वाटलं तुमचं बोलणं झालं असेल."

दैवशालानं हुक लावला, दोरा दोनदा फिरवला, गाठ मारून दातानं तोडला. दुसरा हुक घेतला. सोमवारी पहाटे ती दारातून आत आली तेव्हा चपला काढता काढता कुलदीपला म्हणाली होती, अष्टमीला परत जायचंय, येत्या रविवारी. तो म्हणाला होता, आधी झोप. ती झोपली होती. आणि त्यानं दुकानात जाऊन फोन केला होता, आणि संध्याकाळी वरण वाढून घेताना म्हणाला होता, त्यांना हाच जमतो.

त्यानं सरळ सांगितलं असतं, जाऊ नको, तर ती भांडली असती. रडलीही असती. कदाचित राहिलीही असती, कारण हर्षालीचं लग्न हा काही खोटा प्रश्न नव्हता. तो म्हणाला, परत? आणि चकित झाला. तो चकित झालेला चेहरा तिला आता पुन्हा पुन्हा दिसत होता. वरून दोर सोडतोय असं दाखवून माणसानं तो हळूच खुंटीला बांधून ठेवावा, तसं.

तिनं सगळे हुक लावले. एकूण सहा. हर्षालीला ब्लाउज घालून पाहायला लावला. दंडात बरोबर होता.

जेवायला सगळे बसले तेव्हा साडेसात वाजले होते. शिवांजली आजोबांच्या शेजारी. कस्तुराबाईंनी पिठलं केलं होतं. कुलदीप दुकानातल्या एका गिऱ्हाइकाचं सांगत होता, ज्यानं मोटर उलटी जोडली होती आणि म्हणत होता विहिरीतलं पाणी आत जातंय. ज्ञानोबा हसले. दैवशालानं भाकऱ्या वाढल्या, पाण्याचे तांबे ठेवले आणि स्वतःचं ताट न घेता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"बार्शीच्या लोकांचा नंबर द्या," ती म्हणाली.

कुलदीपनं वर पाहिलं. "कशाला?"

"त्यांना सांगायचंय की रविवारी वहिनी घरी नाहीत, समुद्रावरच्या कड्यावर चढायला गेल्यात. तुम्ही सांगितलं तर खोटं सांगाल, म्हणून मीच सांगते. नाहीतर पुढचा रविवार घ्या. तो पण दिला होता त्यांनी."

हर्षालीनं मान खाली घातली. कुलदीपनं तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"तू आता तमाशा करणार आहेस का?"

"नाही."

"कोणता रविवार दिला हुता?" कस्तुराबाईंनी विचारलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच, सोमवारपासून पहिल्यांदाच, त्या डब्याचं काही बोलल्या नाहीत.

"मामा," दैवशाला सासऱ्यांना म्हणाली, "संध्याकाळची गाडी साडेपाचलाच असती ना?"

ज्ञानोबांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. "साडेपाच. कधी पावणेसहा. पुढच्या खिडकीची जागा धर, मागं लई आदळतं."

"अहो," कस्तुराबाई म्हणाल्या.

"गाडीची वेळ विचारली, गाडीची वेळ सांगितली," ज्ञानोबा म्हणाले.

कुलदीपनं ताटावरून हात उचलला. "म्हणजे घरात मी कोण? मला विचारायचं काही आहे की नाही?"

"सोमवारी पहाटे तुम्हालाच सांगितलं होतं," दैवशाला म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. शिवणक्लासच्या पोरींना उद्याची सुट्टी सांगते त्या आवाजात तिनं पुढचं सांगितलं. "मी उद्या साडेपाचच्या गाडीनं जाणार आहे. सोमवारी पहाटे येईन. हर्षालीचा ब्लाउज झालाय, खुंटीवर आहे. पाहुणे ह्या रविवारी बोलवायचे असतील तर चिवड्याचे पोहे मोठ्या पातेल्यात काढून ठेवलेत, पुढच्या रविवारी बोलवायचे असतील तर मी आल्यावर करते. मी भाकरी फडक्यात बांधून नेईन. डबा येताना आणते, पार्सल नको. झाकण मिळालेलं नाही."